उभ्या खुर्चीचे एकतीस अँपिअर

ती खुर्ची माझ्याकडे मिक्सरच्या ढिगाखालून आली. दापोड्याच्या गोदामांतून परत आलेला माल लॉटने निघतो. कुणी उघडून नाकारलेला, कुणी आपटलेला, कुणी नुसता रंग आवडला नाही म्हणून परत पाठवलेला. त्यातला विजेवर चालणारा बराचसा माल माझ्या दुकानात येऊन पडतो. मी तो उघडते, शिव्या देते आणि दुरुस्त करते. त्या दिवशी टेम्पोतून नऊ मिक्सर, एक तीन पायांचा खेळण्यातला कुत्रा आणि सगळ्यात खाली बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची निघाली. कोरी करकरीत. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. फक्त मोटारींना हुकूम देणारा तिचा कंट्रोलर जळून कोळसा झाला होता.

खुर्ची पाहिली आणि मला आजी आठवल्या.

आजी म्हणजे माझ्या गाळ्याच्या मालकांची आई. गाळ्यांची रांग पुढे, मागे मोठं अंगण आणि अंगणापलीकडे त्यांचा दुमजली बंगला. आजींचे गुडघे तीन वर्षांपूर्वी संपावर गेले. जीभ मात्र पूर्ण वेळ ड्युटीवर. ओट्यावर बसल्या बसल्या त्या अख्ख्या रस्त्याची हजेरी घेत. मी दुकान दहा मिनिटं उशिरा उघडलं की अंगणापलीकडून आवाज यायचा, "काय गो, आज सूर्य तुज्या घरी उशिरा पोचला का?"

आजी धवलारीण. आगरी लग्नात हळदीला जी बाई धवले गाते ती. तिच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. ती गाऊन एकेकीला बोलावते, नवरीची आई, आत्या, काकी, आणि बोलावलेली बाई पुढे येऊन हळद लावते. आमच्या घरच्या लग्नात बुद्धवंदना आणि दोन हार, की जेवायला बसायला मोकळे; त्यामुळे दापोड्यात दुकान टाकेपर्यंत मला धवलारीण ही काय असामी असते याचा पत्ताच नव्हता. नंतर कळलं की गावातली निम्मी लग्नं आजींच्या गळ्यातून गेली आहेत.

आणि त्या आजी वर्षभर गप्प होत्या. झालं असं, की गेल्या वर्षी एका लग्नात चार पुतण्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून मांडवात नेलं. निम्म्या वाटेत खुर्चीचा पाय मोडला. आजी एका पुतण्याच्या गळ्यात लोंबकळल्या, लुगडं वर, पाय हवेत. कुणाला लागलं नाही, पण अख्खा मांडव हसला आणि कुणीतरी व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तो गावभर. त्या दिवसापासून आजींनी गाणं बंद केलं. बोलावणं आलं की सांगायच्या, घसा बसलाय. घसा बिलकुल बसला नव्हता, कारण मला शिव्या घालताना तो उत्तम चालायचा.

आता त्यांच्या स्वतःच्या नातीचं लग्न आलं होतं. शनिवारी हळद. आजींनी घरात माझ्यादेखत जाहीर केलं, "मी माझी जाईन मांडवात. कुनाच्या हातावर न्हाय. न्हायतर त्या दिघाशीवालीला बोलवा." दिघाशी आजींचं माहेर, आणि दिघाशीवाली म्हणजे त्यांची चुलत बहीण. तीही धवलारीण. दोघींत चाळीस वर्षांचं वैर. तिच्या आवाजाबद्दल आजी जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपल्या नातीच्या हळदीला ती गाणार, हे आजींच्या तोंडून निघालं तेव्हा त्यांच्या सुनेने पदर डोळ्यांना लावला. सून म्हणजे नवरीची आई.

मी त्याच क्षणी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आजी, शनिवारी तुम्ही गाडी चालवत मांडवात जाल. माझा शब्द."

असं बोलायची मला खोडच आहे. आधी शब्द, मग डोकं.

दुसरा कंट्रोलर मला गोदामातल्या माल उचलायच्या बॅटरीगाडीचा मिळाला. तो बसवला. खुर्ची सुसाट सुटली! आजींनी गेटापर्यंत एक चक्कर मारली, ओरडत, एका हाताने पदर धरून. पण दोन चकरांनंतर मोटारी इतक्या तापल्या की प्लास्टिकचा वास सुटला. नवा कंट्रोलर दांडगा, मोटारी नाजूक. त्यांना करंट जास्त गेला की वेळेत अडवणारं कुणी तरी हवं होतं. म्हणून मी एक छोटा डबा बनवायचं ठरवलं. तो करंट मोजेल, खुर्चीच्या पाठीवर आकडा दाखवेल आणि वीस अँपिअरच्या वर आकडा गेला की मोटारी बंद करेल.

करंट मोजायची रीत तशी सोपी आहे. बॅटरीच्या वाटेत एक जाड, अगदी किरकोळ अडवणूक करणारी पट्टी घालायची, तिला शंट म्हणतात. करंट तिच्यातून जाताना अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकात व्होल्टेजचा एवढासा फरक पडतो. तो फरक मोजला की करंट कळला. गोम अशी, की दोन्ही टोकांवर बॅटरीचे चोवीस व्होल्ट आधीच बसलेले असतात. तराजूच्या दोन्ही पारड्यांत चोवीस-चोवीस किलोची पोती ठेवायची आणि मग एका पारड्यात टाकलेली वेलची तोलायची, असा तो प्रकार. त्यासाठी डिफरन्शियल अँप्लिफायर लागतो. एक आयसी, म्हणजे चिप, आणि करंटला ठरावीक अडवणूक करणारे चार रेझिस्टर. दोन रेझिस्टर एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे, आणि दोन्ही बाजू अगदी जुळ्या हव्यात. त्यात जरा कमीजास्त झालं की तराजू वेलचीऐवजी पोत्यांतलाच फरक दाखवतो.

मी रेझिस्टर मुद्दाम खूप मोठ्या किमतीचे निवडले, दहा-दहा लाख ओहमचे, म्हणजे खुर्ची बंद असताना डबा बॅटरी चाटून संपवणार नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. गाळ्यात कुणी नव्हतं, म्हणून मी पंख्याला सांगितलं की बघ, याला म्हणतात डोकं.

बुधवारी डबा बसवला, चालू केला. खुर्ची उभी. मोटारी बंद. आकडा म्हणाला, एकतीस अँपिअर.

एकतीस! तेवढ्यात कापड विणणारा एक अख्खा लूम सुरू होईल. उभ्या खुर्चीतून एकतीस अँपिअर वाहणार कुठून? पण डब्याने त्यावर विश्वास ठेवला आणि मोटारी बंद करून टाकल्या. आजी अंगणात बसून आपली खुर्ची सुरू होण्याची वाट बघत होत्या. "काय गो, ही खुर्ची हाय का रुसलेली नवरी?"

मग मी लागले मागे. पहिला संशय आयसीवर. बदलली. एकतीसचे अठ्ठावीस झाले. दुसरी बदलली. तेहतीस. तिसरीच्या वेळी मी तिला हात जोडले. तिने छत्तीस दाखवले. मग संशय शंटवर. त्याची टोकं घासून लख्ख केली, तारा नव्या ओढल्या. चोवीस. जरा उतरला म्हणून मी आनंदाने टाळी वाजवली, आणि टाळीच्या आवाजाने घाबरल्यासारखा आकडा तीसवर गेला. मग रेझिस्टर. ते बोर्डावरून काढून मीटरवर तपासले. चारही चोख, जुळ्या बहिणींसारखे. तरी मन मानेना, म्हणून दोनशे नव्या रेझिस्टरांतून एकेक मोजून सगळ्यात जुळणारे चार निवडले. त्यात आख्खी दुपार गेली आणि सांगते, फार मजा आली. असे चार सापडले की शेवटच्या आकड्यापर्यंत फरक नाही. मी त्यांना बोर्डावर बसवलं, जपून, प्रेमाने. एकतीस.

गुरुवारी दुपारी मी वैतागून सगळं तसंच टाकलं आणि जेवायला नारपोलीला घरी गेले. पाऊण तासाने परत आले. डबा तसाच चालू राहिला होता. आकडा शून्य पूर्णांक दोन.

मी डोळे चोळले. खुर्चीची दांडी ढकलली. मोटारी घुरघुरल्या, आकडा सहावर गेला, सोडल्यावर परत खाली आला. बरोबर! अगदी बरोबर! मी दुकानातल्या दुकानात गिरकी घेतली, माझी ओढणी सोल्डरिंगच्या स्टँडमध्ये अडकली आणि स्टँड खाली आला. त्या गडबडीत डब्यातली एक बारीक तार निसटली. काही हरकत नाही, म्हटलं, एवढी एक तार लावू. लावली. तीस.

त्या दिवशी हे तीनदा झालं. मी हात लावला की बिघाड. मी जेवायला, चहाला, शेजारच्या गाळ्यात भांडायला गेले की सगळं सुरळीत. शेवटी तर मला असं वाटायला लागलं की माझ्या तोंडाचंच त्या डब्याला वावडं आहे. मी दाराआडून वाकून आकडा बघायचे, तो एकवर असायचा. आत पाऊल टाकायचे, तरी एकवर. बोट लावायचे, संपलं. आजींची सून म्हणाली, दृष्ट लागली असेल, आणि माझ्या नकळत खुर्चीच्या मागच्या चाकाला काळा दोरा बांधून गेली. मी त्या दोऱ्यावर चिडले. मग गुपचूप तो घट्ट केला.

शुक्रवारी सकाळी मी डबा, मीटर, सोल्डरिंग सगळं उचलून आजींच्या ओट्यावरच मांडलं. मालकांनी मला सरळ सांगितलं होतं, की संध्याकाळपर्यंत खुर्ची धडपणे चालली नाही तर ते दिघाशीला फोन लावतील. त्यांचंही बरोबर होतं. हळद थांबवता येत नाही. आजी खुर्चीत बसून होत्या, मी जमिनीवर, आणि आमच्यात उघडा डबा. सकाळी आकडा शून्य पूर्णांक एक होता. मला त्याला हात लावायचाच नव्हता. पण रात्रीत ती बारीक तार पुन्हा सैल पडली होती, आणि एक सैल तार घेऊन आजींना मांडवात पाठवणं शक्य नव्हतं. लावली. डबा खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि आजी अंगणात निघाल्या. बरोबर मधोमध खुर्ची थांबली. आकडा चौतीस.

मी डोकं धरून बसले. मला रडू येत होतं. शब्द मी दिला होता आणि तोंडावर पडणार होत्या आजी.

आजी अंगणाच्या मध्यावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू लय चाटतंस गो."

"काय?"

"बोट. चाटतंस, तारंला लावतंस, आनि मंग आकडा चढतंय. मी तीन दिस बगतंय. मना किळस आली म्हनून बोलले न्हाय. माज्या खुर्चीला थुकी लावतंय, म्हनलं, लावू दे, आपलीच हाय."

मी रागावून म्हणाले, "आजी, मी काहीही चाटत नाही." आणि हे म्हणताना माझं बोट जिभेवर होतं.

मी ते बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं. हे बोट मी सहा वर्षांची असल्यापासून चाटत होते. नारपोलीच्या आमच्या खोलीत आई लूमवाल्यांसाठी कांड्या भरायची, म्हणजे कापडाच्या आडव्या सुताच्या लहान लहान रिळा. सूत तुटलं की बोट जिभेला लावायचं, दोन टोकं चुटकीत पिळायची, जोड बसली. आई बोलता बोलता, भाकरी थापता थापता सूत जोडायची. तिच्याकडून ते माझ्या हातात आलं आणि हाताने ते पुढे मला न विचारता चालू ठेवलं. तारेचे बारीक केस विस्कटले की मी बोट ओलं करायचे, केस पिळायचे, तार भोकात घालायचे आणि त्याच ओल्या बोटाने शेजारचे रेझिस्टर दाबून सरळ करायचे. वीस वर्षं मिक्सर, चार्जर, पंखे असेच दुरुस्त केले. त्यांना माझ्या थुंकीची फिकीर नव्हती. इथे मात्र मी दहा-दहा लाख ओहमचे रेझिस्टर लावले होते. त्यांच्या शेजारी ओली थुंकी म्हणजे करंटला आयती चोरवाट, आणि तीसुद्धा एकाच बाजूला. जुळ्यांपैकी एक हलकी झाली की तराजू लागला पोती तोलायला. मी जेवायला गेले की थुंकी वाळायची आणि डबा शुद्धीवर यायचा. आणि रेझिस्टर बाहेर काढून मोजले की ते स्वच्छ! घाण खाली बोर्डावर राहायची, आणि मी पुन्हा त्याच घाणीवर नवे बसवायचे, वर प्रेमाने बोट फिरवून.

पण खात्री हवी होती. मी आजींना खुर्चीसकट ढकलत ओट्याशी आणलं, डबा पुन्हा उघडला आणि त्यांच्या सुनेचा केस वाळवायचा पंखा आणून बोर्डावर पाच मिनिटं धरला. आकडा उतरत उतरत शून्य पूर्णांक दोनवर आला. मग मी बोट जिभेला लावलं आणि एका रेझिस्टरच्या दोन पायांच्या मधे टेकवलं. एकतीस!

मी ओरडले. खरंच ओरडले, गेटावरचा कुत्रा उठून बसला. पुन्हा वाळवलं, शून्य. पुन्हा बोट, बत्तीस. दुसऱ्या बाजूच्या रेझिस्टरला लावलं तर आकडा उलटा, शून्याच्याही खाली! तीन दिवस ज्याने मला रडवलं, ते आता माझ्या बोटाच्या टोकावर नाचत होतं. मी हसत सुटले. मी इतकी हसले की ओट्यावर आडवी झाले.

"मना दे," आजी म्हणाल्या.

"काय?"

"मना बी लावू दे. बगू माजी किती चढतंय."

मी उघडा डबा त्यांच्या पुढ्यात धरला. आजींनी मोठ्या गंभीरपणे बोट चाटलं, वाकल्या आणि टेकवलं. अडतीस. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पंचायतीची निवडणूक जिंकल्या. "बग. माजी भारी हाय." मी म्हणाले, तुम्ही पान खाता म्हणून. त्या म्हणाल्या, मंग तू बी खा. मी पान खाल्लं. बेचाळीस. आजींनी तोंडात अजून एक पान कोंबलं. याच वेळी त्यांची सून चहा घेऊन बाहेर आली. तिला दिसलं ते असं: उद्या हळद, आणि तिची सासू आणि दुरुस्तीवाली बाई आळीपाळीने बोटं चाटून खुर्चीच्या डब्यात घालतायत आणि पोट धरून हसतायत. ती चहा ठेवून आत गेली. मला वाटतं, तिने त्या क्षणी दिघाशीचा नंबर शोधायला घेतला असावा.

पुढचं काम हातासरशी झालं. स्पिरिट आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने बोर्ड घासून धुतला, वाळवला. मोठे रेझिस्टर काढून लहान किमतीचे लावले. बॅटरी थोडी जास्त खाल्ली तर खाऊ दे, माझं डोकं जमिनीवर आलेलं होतं. वरून पाण्यापासून वाचवायला लेप हवा होता. माझा लेप संपला होता. तेव्हा नवरीने आपली नखांना लावायची पारदर्शक पॉलिशची बाटली दिली, आणि मी तिच्या आजीच्या बोर्डाला दोन हात पॉलिश लावलं. एवढ्या सगळ्यात आजी हातात फूटपट्टी घेऊन माझ्यावर पहारा देत होत्या. माझी जीभ बाहेर आली की फट्. मला चार बसल्या. पाचव्यांदा बोट तोंडाशी गेलं आणि अर्ध्या वाटेत आपोआप थांबलं, तेव्हा आजींनी पट्टी खाली ठेवली.

संध्याकाळी मालक कामावरून आले तेव्हा आजींनी त्यांच्याभोवती तीन चकरा मारल्या. मी मागे धावत आकडा मोठ्याने वाचत होते, सात, आठ, सहा, सात. मालकांनी खिशातून काढलेला फोन परत खिशात ठेवला.

शनिवारी मात्र नवीनच भानगड. मांडववाल्याने अंगणात लाकडी चौथरा उभारला होता आणि त्यावर चढायला प्लायचा उतार. मी सकाळीच उतार मोजला होता, खुर्ची चढेल असा होता. पण मांडववाल्याने हौसेने त्याच्यावर जाड लाल गालिचा अंथरला. गालिच्यात चाकं रुततात. करंट वाढतो. मी वीसवर मर्यादा ठेवली होती. ती वाढवायची तर डबा उघडायला हवा होता आणि आता वेळ नव्हता. आजी हिरवं लुगडं नेसून, गजरा माळून, अंगणाच्या टोकाला खुर्चीत बसल्या होत्या. डीजे दणाणत होता. गेल्या वर्षीचे चारही पुतणे हात बांधून एका बाजूला उभे होते, आणि मला दिसत होतं की बऱ्याच जणांच्या हातात मोबाइल तयार आहेत.

आजी निघाल्या. मी मागून, आकड्यावर डोळे लावून. सपाट अंगणात आठ. उताराचा पायथा, बारा. पुढची चाकं गालिच्यावर, पंधरा. अर्ध्यात, सतरा. मांडववाला धावत आला, "अम्मा, धक्का दे दूँ क्या?" आजी कडाडल्या, "हात मत लगाव!" अठरा. मी मनात म्हणत होते, गालिचा काढा, गालिचा काढा. अठरा पूर्णांक सात. एकोणीस पूर्णांक एक. आजींनी दांडी पुढे दाबून धरली होती, त्यांच्या हाताच्या शिरा दिसत होत्या. एकोणीस पूर्णांक चार. मग पुढची चाकं चौथऱ्यावर चढली, आकडा धाडकन नऊवर आला, आणि आजी वर होत्या.

कुणी हसलं नाही. एका पुतण्याने शिट्टी मारली आणि मग अख्खा मांडव ओरडला. मी पण ओरडले. माझा आवाज फाटला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला एवढा आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी नवऱ्याला सांगितलंय.

आजींनी हात वर केला. डीजे बंद झाला. नवरी पाटावर, समोर हळदीची वाटी. आजींनी एकदा घसा खाकरला. पहिला सूर जरा घरंगळला, वर्षभर न वापरलेला होता. दुसरा बसला. मग बायका मागून म्हणायला लागल्या आणि आवाज मांडवाच्या कापडाला भिडला. आजी गात गात एकेकीला बोलावत होत्या. आई आली, हळद लावून गेली. आत्या आली. काकी आल्या, दोन मावश्या आल्या. मी चौथऱ्याखाली उताराच्या बाजूला उभी होते, कमरेला स्क्रूड्रायव्हर, हातात मीटर, काही झालंच तर धावायला तयार. या घराची मी सात वर्षं भाडेकरू आहे. लग्नकार्यात माझी जागा अशीच, वायर आणि फ्यूजच्या बाजूला, आणि मला तिथे उभं राहण्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

गाण्यात अजून एक मावशी आली. खुर्चीची मावशी. नवरीच्या खुर्चीच्या मावशीला बोलवा, हळद लावायला बोलवा. बायका हसल्या, पण मागून म्हणाल्या. मला वाटलं, आजी गंमत करतायत, पुढच्या ओळीवर जातील. आजी पुढे जाईनात. तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. माझ्याकडे बघत, फूटपट्टी धरली होती तेव्हासारख्याच कडक नजरेने. नवरीने पाटावरून मान वळवली. तिची आई उताराच्या कडेशी आली आणि तिने माझ्या हातातला मीटर काढून घेतला.

मी चप्पल काढली आणि वर गेले.